नवी बोर्दो रेड चाखताना नक्की काय बघायचं? मदत हवी आहे

वाईन टेस्टिंगच्या कोर्ससाठी नव्या रेड बोर्दोवर (फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाईन) लिहायचंय आणि समीक्षकांच्या मतभेदापाशीच अडकलोय. उदाहरण घेतलंय शातो पावी या वाईनरीच्या २००३ च्या वाईनचं. त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यातली ही बोर्दोतल्याच सेंत एमिलियोंची वाईन, २००४ मध्ये पिंपातलं सॅम्पल चाखून अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर जाम खूश, आणि ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सननी २० पैकी १२ दिले, पोर्टसारखी (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) लागते म्हणून. एकच वाईन ना!

स्वतः करून बघावं म्हणून त्याच भागातली २०२२ ची मर्लो-कॅबर्ने फ्रांक (या दोन जातींच्या द्राक्षांची वाईन) आणली, लेबलवर अल्कोहोल १४.५ टक्के. थोडी लगेच प्यायलो, थोडी डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाईन ओतून ठेवायचं भांडं) ४ तास ठेवून, उरलेली दुसऱ्या दिवशी, ग्लास तोच, तापमान १७ च्या आसपास. टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा) आधी हिरडा चावल्यासारखं जीभ आवळत होतं, दुसऱ्या दिवशी बरंच मऊ झालं, पण मनुकांसारखा गोडसर वास आणि घशातली अल्कोहोलची जळजळ जशीच्या तशी.

जुनी पावी बजेटमध्ये नाही, आणि कुठली बाटली घेऊ हेही विचारत नाहीये. ज्यांनी एखादी बोर्दो नवी असताना आणि परत १०-१५ वर्षांनी चाखलीय त्यांनी प्लीज सांगा, हा अतिपिकलेपणा (जास्त पिकलेल्या द्राक्षांमुळे येणारा असा वास आणि जळजळ) वाईन मुरल्यावर कमी होतो का, की टॅनिन गेल्यावर उलट तोच जास्त जाणवतो?