नाहीशा झालेल्या हेराला काय म्हणावे?

विचारणा

एका दिवाळी अंकासाठी मी ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यात राहून सोव्हिएत संघासाठी काम करणाऱ्या किम फिल्बी या हेरावर दीर्घ लेख लिहीत आहे आणि तो त्याची पत्नी एलिनॉर हिच्या बाजूने सांगायचे ठरवले आहे. २३ जानेवारी १९६३ च्या रात्री बैरूतमध्ये ब्रिटिश दूतावासातील एका अधिकाऱ्याच्या घरी या दोघांना जेवायला बोलावले होते. एलिनॉर वेळेवर पोहोचली. फिल्बी मात्र आलाच नाही. तो आपल्या आश्रयाला असल्याचे सोव्हिएत सरकारने जाहीर केले ते थेट जुलैच्या अखेरीस. पहिल्या खर्ड्यात मी ‘फिल्बी परागंदा झाला’ असे लिहिले होते. एका मित्राने तेथे ‘फरार झाला’ असे सुचवले, तर संपादकांनी दोन्ही खोडून ‘बेपत्ता’ केले. शिवाय ‘हेर’, ‘गुप्तहेर’, ‘हस्तक’ आणि ‘फितूर’ हे शब्दही मी केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी आलटून पालटून वापरले आहेत. हे शब्द खरोखर एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर

चालत नाहीत, आणि या लेखात तर मुळीच चालणार नाहीत. माणूस दिसेनासा होतो तेव्हा त्या घटनेला आपण जो शब्द देतो, त्यावरून गेलेल्या माणसापेक्षा मागे राहिलेल्यांना किती ठाऊक आहे हेच अधिक कळते.

‘बेपत्ता’ हा शोधणाऱ्याचा शब्द आहे. फारसी ‘बे’ आणि आपला ‘पत्ता’ मिळून झालेल्या या शब्दात गेलेल्या माणसाच्या हेतूविषयी काहीच सांगितलेले नसते. तो पळाला असेल, त्याला कोणी पळवले असेल किंवा तो मेलाही असेल. दूरदर्शनवरील ‘आपण यांना पाहिलंत का?’ या कार्यक्रमात ज्यांची छायाचित्रे दाखवत, ती सगळी माणसे बेपत्ता. संपादकांनी केलेली दुरुस्ती त्यामुळे योग्यच आहे, मात्र केवळ सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती.

‘फरार’ हा मूळचा अरबी शब्द आपल्याकडे पोलीस ठाण्यात आणि कचेरीत रुळला. आधी गुन्हा किंवा आरोप आणि मागून पळणे, हा क्रम त्यात गृहीत असतो. आरोपी फरार होतो. दूध आणायला गेलेला नवरा फरार होत नाही. फिल्बीच्या बाबतीत गुंतागुंत अशी की नोव्हेंबर १९५५ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी ब्रिटिश संसदेतच त्याला निर्दोष ठरवणारे निवेदन केले होते. पुढे जानेवारी १९६३ मध्ये त्याचा जुना मित्र आणि सहकारी निकोलस एलियट बैरूतला गेला व त्याने फिल्बीकडून अर्धामुर्धा कबुलीजबाब मिळवला. म्हणजे त्या रात्री एलियटच्या दृष्टीने तो फरार होता, तर जेवणाच्या मेजावर वाट पाहणाऱ्या एलिनॉरच्या दृष्टीने त्याला फक्त उशीर झाला होता.

‘परागंदा’ मात्र काढूनच टाकावा. फारसीत त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे आणि मराठीतही तो विखुरलेपणा पुरता गेलेला नाही. दुष्काळाने, फौजांच्या धामधुमीने किंवा शेतसाऱ्याच्या जाचाने रयत परागंदा होते, गावेच्या गावे परागंदा होतात. या शब्दात नाइलाज असतो आणि वाचकाची सहानुभूती तो आपोआप ओढून घेतो. सोव्हिएत मालवाहू जहाजावर चढून ओडेसाला गेलेल्या माणसाला ती सहानुभूती द्यायची की नाही, हे लेखकाने जाणीवपूर्वक ठरवावे, शब्दाच्या ओघात देऊन बसू नये. ‘पोबारा’ हा सोंगट्यांच्या डावातून आलेला शब्द आणि ‘पसार’ या दोहोंत थोडी चेष्टा आहे. एलिनॉरच्या लेखात ती शोभणार नाही.

दुसरे उत्तर

वरील विवेचन मान्य आहे, तरीही ‘बेपत्ता’ हा निरपराध शब्द आहे या समजाविषयी थोडी शंका उपस्थित करतो. फिल्बीच्या आधी बारा वर्षे, २५ मे १९५१ रोजी, डॉनल्ड मॅक्लीन हा ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील अधिकारी स्वतःच्या अडतिसाव्या वाढदिवशी घरी जेवला आणि गाय बर्जेस या दुसऱ्या सोव्हिएत हस्तकाबरोबर निघून गेला. तेव्हा त्याची पत्नी मेलिंडा हिचे दिवस भरत आले होते. तिने नवरा बेपत्ता असल्याचे सांगितले व सर्वांनी तिची कीव केली. सप्टेंबर १९५३ मध्ये ती स्वतःच तीन मुलांना घेऊन जिनिव्हातून नाहीशी झाली आणि नवऱ्याकडे गेली. नवरा कोणासाठी काम करतो हे तिला लग्नाच्या सुमारापासून माहीत होते, असे पुढे उघड झाले. म्हणजे तिच्या तोंडी ‘बेपत्ता’ हा शब्द पोलिसांच्या दृष्टीने बरोबर आणि तिच्या मनात साफ खोटा होता. एलिनॉरच्या तोंडी तोच शब्द खरा आहे. एकच शब्द दोन बायकांनी उच्चारावा आणि एकीचे ते अज्ञान व दुसरीचा तो मुखवटा असावा, हा फरक कोणत्याही कोशात सापडणार नाही.

आता ‘हेर’ आणि त्याचे भाऊबंद. ‘हेर’ या शब्दाचे नाते ‘हेरणे’ या क्रियापदाशी आहे; नेमके पाहून मनाशी टिपून ठेवणे हे त्याचे काम. हेर गुप्त असतोच, त्यामुळे ‘गुप्तहेर’ या जोडशब्दातील पहिला भाग तसा अनावश्यक आहे, पण तो आता इतका रूढ झाला आहे की त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. खरी अडचण निराळीच आहे. मराठीत चोरीचा किंवा खुनाचा छडा लावणाऱ्यालाही आपण गुप्तहेरच म्हणतो आणि परक्या देशासाठी कागद चोरणाऱ्यालाही. आपल्या लेखात शोधणारेही गुप्तहेर आणि नाहीसा झालेलाही गुप्तहेर, त्यामुळे ‘गुप्तहेर बैरूतला पोहोचला’ या वाक्यात नेमके कोण पोहोचले ते कळणार नाही. फिल्बीसाठी ‘हेर’ आणि एलियटसाठी ‘गुप्तवार्ता अधिकारी’ असे विभागून घ्यावे. ‘जासूद’ मात्र टाळावा. अरबी ‘जासूस’पासून आलेला हा शब्द मराठेशाहीच्या कागदांत पत्रे पोहोचवणाऱ्यालाही सर्रास लावलेला असून ‘जासूद जोडी’ रवाना झाल्याचे उल्लेख जागोजागी येतात. तो वापरताच बैरूतमध्ये बखरीचा वास येऊ लागेल.

‘हस्तक’ म्हणजे दुसऱ्याचा हात झालेला माणूस. १९३४ पासून मॉस्कोशी बांधला गेलेला आणि १९४० मध्ये ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यात नोकरीला लागलेला फिल्बी हा लंडनचा अधिकारी आणि मॉस्कोचा हस्तक होता. हा तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळेच ‘फितूर’ हा शब्द बाद होतो. साक्षीदार फितूर होतो, किल्लेदार फितूर होतो. त्यासाठी तो आधी आपला असावा लागतो. ‘फुटणे’ या क्रियापदालाही हीच अट आहे. फिल्बी खात्यात शिरला तोच दुसऱ्याचा होऊन, त्यामुळे त्याला फुटायला काही उरलेच नव्हते. एलियटला शब्द द्यायचा असेल तर ‘अस्तनीतला निखारा’ द्यावा.

विचारणाऱ्याचे प्रत्युत्तर

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. मग ‘दुहेरी हेर’ तरी चालेल का? (या जोडीतील ‘हेर’ दोनदा ऐकू येतो, ही गंमत आजच लक्षात आली.)

दुसरे उत्तर, पुढे चालू

चालेल, पण त्यातून दोन्ही बाजूंची सेवा सारखीच केल्याचा भास होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘उभयवेतन’ हा अधिक नेमका शब्द आहे: मूळचा आपला, पण शत्रूच्या पदरी राहून त्याचेही वेतन घेणारा. मॉस्कोच्या बाजूने पाहिले तर फिल्बीचे हे तंतोतंत वर्णन आहे. अशांची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत, असेही तेथे सांगितले आहे. फिल्बीच्या गोष्टीत हे उलटे झाले: बायको मागे राहिली आणि तिला काहीच माहीत नव्हते. लेखात हा शब्द एकदाच, समजावून सांगून वापरावा.

पहिले उत्तर देणाऱ्याची पुरवणी

आणखी दोन गोष्टी राहिल्या. पहिली ‘थांगपत्ता’ या जोडशब्दाची. ‘थांग’ म्हणजे पाण्याची खोली, म्हणून आपण मनाचाही थांग म्हणतो. ‘पत्ता’ म्हणजे ठावठिकाणा. रोजच्या वापरात दोन्ही अर्थ एकात विरघळले आहेत, पण एलिनॉरसाठी ते सुटे करता येतील. पत्ता हरवला तो त्या जानेवारीत, आणि सप्टेंबरमध्ये ती मॉस्कोला गेली तेव्हा सापडलाही. थांग तिला लग्नापासूनच नव्हता. ‘बिंग’ हा शब्द मात्र तिच्या तोंडी घालू नये. ‘गुपित’ जपलेले असते, ‘बिंग’ मात्र फुटण्यासाठीच जन्माला आलेले असते, आणि ते फोडणाऱ्याच्या आवाजात किंचित आनंद असतो.

दुसरी गोष्ट सर्वनामाची, आणि माझ्या मते वरच्या सर्व शब्दांपेक्षा ती अधिक घात करेल. आपली वृत्तपत्रे प्रतिष्ठित माणसाला ‘ते’ म्हणतात आणि त्याला बेड्या पडल्या की दुसऱ्या दिवसापासून ‘तो’ म्हणू लागतात. आपण विचारणेत फिल्बीचा उल्लेख पहिल्या ओळीपासून एकेरी केला आहे, आम्हीही नकळत तेच केले. लेख जर एलिनॉरच्या नजरेतून असेल, तर हा एकेरी उल्लेख पत्नीच्या जवळिकीचा आहे की निकाल लागून गेल्यानंतरचा, हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच कळायला हवे. लेखकाचे निवेदन त्रयस्थ असेल तर जानेवारीपर्यंत ‘फिल्बी जेवायला आले नाहीत’ असे लिहून जुलैनंतर ‘तो’वर यावे, असे मी सुचवेन, संपादक बहुधा ती मुद्रणाची चूक समजून सगळीकडे एकसारखे करतील, तेव्हा खर्ड्याच्या समासात तसे आधीच लिहून ठेवावे.