अँथ्रोपॉसॉफी वाचायचीय, सुरुवात कशानं करू? (बजेट १५००)

जुळेसोलापूरकर: मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झालो. नातू पुण्यात वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळेत जातो, तिथून रुडॉल्फ स्टायनर हे नाव कानावर आलं. त्यांचं ते 'आध्यात्मिक विज्ञान', म्हणजेच अँथ्रोपॉसॉफी, नेमकं काय, हे समजून घ्यायचंय. इंग्रजी जमतं, पण जाड पुस्तक उघडलं की डोळा लागतो. १५०० च्या वर जायचं नाही.

होटगीरोड: सुटं घेऊ नका, संचच घ्या. सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास खंड आहेत, माझ्याकडे २२. अकरा हजार गेले, पण कपाट बघून पाहुणे गप्प होतात.

नवीपेठ_७७: वाचले किती?

होटगीरोड: निवांत वाचायचे असतात ते.

नवीपेठ_७७: मी त्यांचं 'थिऑसॉफी' (१९०४) मागवलं. नाव बघून वाटलं दुसऱ्याच पंथाचं आलं, परत पाठवलं. नंतर कळलं, ते स्टायनरांचंच! तेव्हा ते थिऑसॉफिकल सोसायटीत होते की ओ. कुरिअरचे पैसे गेले ते गेलेच.

तर्कट: पुढं त्या लोकांनी कृष्णमूर्तींना जगद्गुरू ठरवायला घेतलं, ते यांना पटलं नाही. १९१२-१३ ला वेगळी चूल. पण विज्ञान कसलं? एकाला अंतर्दृष्टीनं दिसलं, बाकीच्यांनी तपासायचं कसं?

माउली_भक्त: घरात ज्ञानेश्वरी असताना जर्मनीला कशाला जायचं?

मोहोळकर: ऑस्ट्रियन होते ते. त्यांनी १९२४ मध्ये शेतीवर व्याख्यानं दिली, त्यातली शिंगखताची पद्धत मी करून पाहिली. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं. मी बैलाची शिंगं पुरली. चूक कळेपर्यंत कुत्र्यांनी उकरूनही नेली.

विजापूरवेस: धागा पुस्तकाचा आहे. स्टायनरांचं 'हाऊ टू नो हायर वर्ल्ड्स' घ्या, इंग्रजीत नेटवर फुकटही मिळतं. पण ते नुसतं वाचायचं नाही, करायचं. एक बी समोर ठेवून त्यातून येणारं रोप मनात उभं करायचं. हुबेहूब नकली बी केलं, तरी त्यात ते रोप नसतं, यावर लक्ष ठेवायचं. मी मालदांडीचा दाणा घेतला. चौथ्या दिवशी मुंगीनं ओढून नेला. तरी ते तीन दिवस वाया गेले असं वाटत नाही. रात्री झोपताना दिवस उलटा आठवायचा, शेवटून सकाळकडे, तेही करा.

होटगीरोड: मीही हेच सांगणार होतो. संचात आहे ते.

माउली_भक्त: हरिपाठ करा. १५०० वाचतील.

जुळेसोलापूरकर: सगळ्यांचे आभार. मी स्टायनरांचंच 'फिलॉसॉफी ऑफ फ्रीडम' (१८९४) मागवलं. इथं कुणी सुचवलं नव्हतं, पण त्यात बी नाही, शिंग नाही, माणूस विचार कसा करतो एवढंच आहे म्हणे. काल रात्री दिवस मात्र उलटा आठवला. जेवण, बातम्या, नातवाचा फोन... सातला पाण्याची मोटर चालू केलेली आठवली, बंद केलेली काही आठवेना. पळत गेलो. पाच दिवसांनी आलेलं पाणी जिन्यावरून वाहत होतं.

होटगीरोड: २२ खंड हवेत का? तुम्हाला आठ हजारात देतो.