मदत हवी आहे: डिस्चार्ज कार्डावरच्या 'नेग्लेक्ट'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

उपचार डॉक्टर बघतायत, मला मदत शब्दांची हवी आहे.

अठरा दिवसांपूर्वी बाबांच्या (वय ७१) अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. आता घरी आणलंय, कऱ्हाडला. मी पुण्यात, शनिवार-रविवारी जाऊन येऊन करते. आई शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडून कार्ड वाचून घेते आणि रोज रात्री मला फोनवर एकेक शब्द विचारते.

कार्डावर असं आहे: लेफ्ट हेमिपॅरेसिस, पॉवर ३/५. लेफ्ट यूएमएन फेशियल. डिसार्थ्रिया, नो अफेजिया. लेफ्ट हेमिनेग्लेक्ट. ॲनोसोग्नोसिया. शेवटी 'प्लांटर' आणि पुढे दोन बाण, उजव्या बाजूचा खाली, डाव्या बाजूचा वर. आईला वाटतंय, वरचा बाण म्हणजे सुधारणा. काकांनी ३/५ चे साठ टक्के केले आणि 'दादा साठ टक्के बरा' असं सगळ्या भावकीला कळवूनही टाकलं.

हे बाकीचं मी शोधून कसंबसं लावलं असतं. घोळ 'नेग्लेक्ट'नं घातलाय. त्या मुलानं सरळ सांगितलं, 'दुर्लक्ष'. आईचा पहिला प्रश्न, "कुणी केलं? मी?" ते निस्तरलं तर आता तिनं उलटं धरलंय, की बाबाच मुद्दाम दुर्लक्ष करतात.

त्यालाही कारण आहे. बाबांचं शेंगदाण्याच्या चटणीशिवाय पान हलत नाही. आई ताट आयुष्यभर वाढलं तसंच वाढते, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. बाबा भाजी संपवतात, भाकरीचा उजवा अर्धा संपवतात, हात थांबवतात आणि विचारतात, "आज चटणी नाही केलीस?" चटणी समोर. आई बोट दाखवून म्हणते, "ही काय! सोंगं कशाला करता?" मग दोघंही गप्प. मी हे गेल्या रविवारी डोळ्यांनी पाहिलंय. दवाखान्यात त्यांना घड्याळ काढायला सांगितलं होतं, तेव्हाही बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले होते.

आईला पटेल असा शब्द सुचवा. बाकीच्या शब्दांचा अर्थ कुणी साध्या भाषेत सांगितला तर उपकार होतील.

पायवाट:
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी ३/५. हे परीक्षेचे मार्क नव्हेत, जिन्याच्या पायऱ्या समजा. शून्य म्हणजे हालचाल नाही. एक, स्नायू नुसता फुरफुरतो. दोन, हात गादीवर सरकतो पण उचलत नाही. तीन, उचलतो, पण तुम्ही जरा दाबलंत की खाली येतो. चार, थोडा जोर सोसतो. पाच म्हणजे पूर्ववत. काकांना कळवा, की 'हात उचलतायत, पण जोर सोसत नाही.' 'पॅरेसिस' म्हणजे ताकद कमी. पूर्ण गेली असती तर 'प्लेजिया' लिहिलं असतं.

खेडवळ डॉक्टर:
डिसार्थ्रिया म्हणजे जीभ-ओठ जड, शब्द बरोबर पण उच्चार लडबडलेला. अफेजिया म्हणजे भाषाच बिघडणं, शब्द न सापडणं किंवा समोरच्याचं न समजणं. ते बाबांना नाही. बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं, बाबांचा उजवा भाग दुखावलाय. 'यूएमएन फेशियल' म्हणजे चेहऱ्याची नस शाबूत आहे, तिला वरून, मेंदूतून येणारा हुकूम अडलाय. म्हणून तोंड वाकडं होतं पण कपाळाला आठ्या पडतात. बघा, पडत असतील.

बाण: तळपायाच्या बाहेरच्या कडेनं चावीसारखं काही ओढलं की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. डावा वर गेला, म्हणजे मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या वाटेवर इजा आहे. तान्ह्या बाळात हेच अगदी नॉर्मल असतं. तेव्हा आईंना सांगा, हा बाण शेअर बाजारातला नाही. पॅरिसच्या बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये ही खूण मांडली. गंमत म्हणजे कार्डावरचा 'ॲनोसोग्नोसिया' हा शब्दही त्यांचाच, १९१४ चा. अर्थ, आपल्याला काही झालंय हेच न उमगणं. बाबा 'हाताला काही झालेलं नाही' म्हणतात का?

धागाकर्ती:
रोज! "हात झोपलाय जरा," म्हणतात. परवा तसेच उठायला गेले, आईनं धरलं म्हणून वाचले. कपाळाला आठ्या पडतात, आत्ताच व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आणि एक, डाव्या डोळ्याची नजर गेली असेल असं तर नाही ना?

खेडवळ डॉक्टर:
डाव्या बाजूची नजर गेली तर ती दोन्ही डोळ्यांची अर्धी अर्धी जाते, त्याला हेमिअनोपिया म्हणतात. पण त्या माणसाला बहुधा कळतं, की इकडचं दिसत नाही, आणि तो मान वळवून भरपाई करतो. नेग्लेक्टमध्ये वळवावी असं मनातच येत नाही, कारण त्या बाजूला काही असू शकतं हेच उरलेलं नसतं. दोन्ही एकत्रही असू शकतं, पुढच्या भेटीत विचारून घ्या. तोवर एकट्यानं जिना नको, गॅसजवळ नको. व्हीलचेअर असेल तर डावा हात चाकात जात नाही ना ते बघा, त्यांना कळणार नाही.

ओवीकर:
मी वैद्यकातला नाही, शब्दांतला आहे. 'दुर्लक्ष' हा शब्द इथे चालणारच नाही, कारण दुर्लक्ष माणूस *करतो*. भान कुणी करत नाही, ते असतं किंवा सुटतं. 'डाव्या अंगाचं भान सुटलंय' म्हणा. झोपेत पांघरुणाचं भान नसतं, त्याबद्दल कुणी रागावत नाही.

पायवाट:
ओवीकरांना +१. मी पेशंटच्या घरी आता हेच वापरणार. ताटाच्या डाव्या काठाला जाड लाल पट्टी चिकटवा आणि प्रत्येक घासाला 'लाल दिसेपर्यंत मान वळवा' म्हणा. नाहीच जमलं तर ताट फिरवा. शक्य तेव्हा डाव्या बाजूला बसून बोला. पहिल्या दोन-तीन महिन्यांत यात बऱ्याच जणांना फरक पडतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. 'भान सुटलंय' ऐकल्यावर आई थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी उगाच ओरडत होते गं."

लाल पट्टीचा पहिल्या दिवशी काही उपयोग झाला नाही. काल तिनं मधेच ताट अर्धं फिरवलं. बाबांनी चटणीला बोट लावलं आणि म्हणाले, "आत्ता वाढलीस होय?" आई म्हणाली, "हो, आत्ताच."

आता नवा प्रश्न. दाढी अर्धीच करतात, डावा गाल तसाच. तिथे काही फिरवता येत नाही. कुणी काय केलंय?