केंब्रिजचं सैद्धांतिक रसायनशास्त्र: अध्यासन १९३२चं, मग रेणूंची गणितं इतक्या उशिरा का?

कक्षक: केंब्रिज विद्यापीठातल्या सैद्धांतिक रसायनशास्त्र विभागावर एम.एस्सी.च्या मुलांसाठी टिपण करतोय. लेनर्ड-जोन्स १९३२ मध्ये अध्यासनावर आले, पण प्रयोगाचे आकडे न घेता, मूलभूत नियमांपासून केलेली रेणूंची गणितं १९५० नंतरच दिसू लागतात. मधला काळ फक्त संगणक नव्हता म्हणून गेला का? शिवाय त्यांचा १९२४चा आंतररेण्वीय बलांवरचा निबंध नावाने शोधला तर हाती लागत नाही.

पारद: निबंधाचं आधी सांगतो. 'जे. ई. जोन्स' या नावाने शोधा. १९२५ मध्ये लग्नानंतर त्यांनी पत्नीचं लेनर्ड हे आडनाव आपल्या आडनावाला जोडलं. १९२४च्या कामावर जुनंच नाव आहे.

आता मुख्य प्रश्न. संगणकाची वाट बघत कोणी हातावर हात धरून बसलेलं नव्हतं. १९३५च्या सुमारास तिथे मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांतून छोटा डिफरन्शियल अॅनालायझर, म्हणजे समीकरणं सोडवणारं यांत्रिक यंत्र, उभा राहिला. १९३७ मध्ये विद्यापीठाने मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी काढली आणि तिचे पहिले संचालक लेनर्ड-जोन्सच झाले. टिपणात हे ठळक द्या, कारण रसायनशास्त्राचा प्राध्यापक गणनयंत्रांची प्रयोगशाळा चालवतोय, यातच त्या विभागाचं वेगळेपण आहे. युद्धात प्रयोगशाळा लष्करी कामासाठी घेतली गेली. नंतर मॉरिस विल्क्स संचालक झाले आणि ६ मे १९४९ रोजी तिथल्या एड्सॅक या संगणकावर पहिला प्रोग्रॅम चालला.

त्रिज्या: पारद यांच्याशी सहमत, पण नुसतं यंत्र येऊन भागलं नसतं. खरी अडचण इंटिग्रलची. इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणाच्या प्रत्येक इंटिग्रलमध्ये चार बेसिस फंक्शन (ज्यांची बेरीज करून इलेक्ट्रॉनचं तरंगफल मांडतात ती फंक्शन) येतात. दहा फंक्शन घेतली तर जोड्या ५५, आणि जोड्यांच्या जोड्या ५५ × ५६ ÷ २ = १५४०. फंक्शन दुप्पट केली की हा आकडा साधारण सोळापट होतो. त्यात चारही फंक्शन वेगवेगळ्या अणुकेंद्रांवर असली, तर स्लेटर पद्धतीच्या घातांकी फंक्शनांसाठी ते सोडवायला सुटसुटीत सूत्र नाही.

ही गाठ त्याच विभागातल्या बॉइज यांनी १९५० मध्ये गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराची फंक्शन वापरून सोडवली. दोन केंद्रांवरच्या गाउसियनांचा गुणाकार म्हणजे मधल्या एका बिंदूवरचा तिसरा गाउसियन. उदा. घातांक १ आणि ३, अंतर २ एकक: नवा घातांक ४, नवं केंद्र १ घातांकवाल्यापासून ३ घातांकवाल्याच्या दिशेने तीन-चतुर्थांश अंतरावर, आणि पुढे गुणक e⁻³, म्हणजे जवळपास ०.०५. चार केंद्रांची दोनच उरतात आणि पुढचं सूत्र हातात येतं. बॉइज, कुक, रीव्ह्ज आणि शाविट यांचा स्वयंचलित गणनांवरचा लेख १९५६चा.

कक्षक: मग सगळ्यांनी लगेच गाउसियन का स्वीकारले नाहीत?

त्रिज्या: कारण आकार चुकतो. अणुकेंद्राशी खऱ्या तरंगफलाला टोक असतं, गाउसियन तिथे सपाट पडतो. दूरवर तो फार लवकर शून्याकडे जातो. म्हणून एकाच्या जागी अनेक लागतात. एसटीओ-३जी (१९६९) या बेसिस फंक्शनांच्या संचात तीन गाउसियनांची एक मोळी बांधून एक फंक्शन करतात. पाण्याच्या रेणूला अशी ७ फंक्शन लागतात, म्हणून ४०६ इंटिग्रल. पण आतले सुटे गाउसियन २१, त्यांची इंटिग्रल २६,७९६. एड्सॅकच्या सुरुवातीच्या स्मृतीत ५१२ शब्द मावत. यावरून ओझ्याचा अंदाज येईल.

पारद: ती स्मृतीसुद्धा पाऱ्याच्या नळ्यांत फिरणाऱ्या ध्वनिस्पंदांची. पाऱ्यातला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. स्पंद वेळेवर पोचला नाही तर आकडा बिघडायचा. म्हणून नळ्यांचं तापमान काटेकोर सांभाळावं लागे.

अध्यासनाचा पुढचा क्रमही टिपणात घ्या: लेनर्ड-जोन्स यांनी १९५३ मध्ये केंब्रिज सोडलं, १९५४ ते १९६७ लाँगेट-हिगिन्स, १९६९ ते १९९७ बकिंगहॅम. जॉन पोपल यांची पीएच.डी. (१९५१) लेनर्ड-जोन्स यांच्याकडची. एसटीओ-३जीच्या तीन लेखकांत ते आहेत, आणि १९९८चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना वॉल्टर कोन यांच्यासोबत मिळालं.