मदत हवी आहे : शेजारच्या कोरियन आजींना काय म्हणू?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार महिन्यांपूर्वी दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात आलो. हांगुलची, म्हणजे कोरियन लिपीची, 24 मूळ अक्षरं आठवड्यात जमली, पाट्या वाचता येतात. बोलताना मात्र अडते. आकड्यांचंच बघा, तास कोरियन आकड्यांत आणि मिनिटं चिनी वळणाच्या! साडेतीन म्हणजे 'से शी सामशिप बुन'. समोरचा बोलून मोकळा होतो, मी अजून 'से'वरच असते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. समोरच्या दारातल्या आजी फार मायाळू आहेत. ओला कचरा वेगळा कुठे टाकायचा, हे त्यांनीच हाताला धरून दाखवलं. परवा डबाभर किमची (आंबवलेल्या भाज्यांचं तिखट लोणचं) दिली, झाकणाला पिवळा रुमाल बांधून. आम्ही शाकाहारी, आणि किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो. त्यांचं मन न दुखावता हे कसं सांगू? त्यांना 'हाल्मोनी' (आजी) म्हटलेलं चालेल, की परक्याच्या तोंडी ते खटकतं? डबा रिकामा परत करणं जिवावर येतंय. बेसनाचे लाडू द्यावेत का?

तिथे राहिलेल्या कुणी दोन-तीन आदरार्थी वाक्यं उच्चारासकट देवनागरीत लिहून द्याल का? रविवारी डबा परत करायचा आहे.