एकटीची छोटी समुद्रसफर : तयारी कशी केलीत, अनुभव सांगा

फोंडा, बँकेत नोकरी

मार्गशीर्षात मुरगाव बंदरातून क्रूझने मुंबईला जायचं ठरवलं आहे. एकटीने. तिकीट काढलं, रजा मंजूर झाली, आणि आता रोज संध्याकाळी मी त्या बॅगेत काहीतरी भरते नाहीतर त्यातून काहीतरी काढते. जन्म गोव्यात गेला, पण समुद्र पाहिला तो काठावरून. मिरामारच्या वाळूत बसून, नाहीतर दोनापावलच्या धक्क्यावरून पलीकडे मुरगावात उभी असलेली जहाजं बघत. त्या जहाजांवरून आपला किनारा कसा दिसत असेल हे मला एकदा डोळे भरून बघायचं आहे.

घरात विरोध नाही. यजमानांना बोट लागते, त्यामुळे ते येणार नाहीत हे ठरलेलंच होतं. सासूबाईंनी मात्र विचारलं, "एकटी कशाला गं?" मी म्हटलं, "आई, सकाळी उठल्यापासून 'आज काय करायचं?' हे मला कुणीच विचारणार नाही, असा एक दिवस हवाय." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग जा."

जाऊन आलेल्यांनी आणि जायच्या तयारीत असलेल्यांनी सविस्तर लिहा. जाहिरातीतली माहिती माझ्याकडे आहे. केबिन कुठली घेतलीत, एकटं जेवायला बसताना कसं वाटलं, रात्री काय केलंत, बरोबर नेलेलं काय खरंच उपयोगी पडलं, हे मला माणसांकडून ऐकायचं आहे.

वास्को, निवृत्त तारवटी

बाय, माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर प्रवासी म्हणून एकटाच मुंबईला गेलो, कारण आयुष्यभर जहाजाच्या पोटात राहून मी समुद्र फार थोडा पाहिला होता.

केबिनचा नंबर मिळाला नसेल तर मागून घे. जहाजाच्या मध्यावरची, आणि जमेल तितकी खालच्या डेकवरची. जहाज नाकाकडून आणि शेपटाकडून वरखाली होतं, तेव्हा टोकाच्या केबिन जास्त हलतात आणि मधल्या कमी. वर जाशील तसं डुलणं वाढतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर्या बहुतेक शांतच असतो, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने हे सांभाळावं.

दुसरं, बाजू. मुरगावहून उत्तरेला निघालीस की किनारा उजव्या हाताला राहतो. आम्ही त्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतो. खिडकीची केबिन असेल तर त्या बाजूची घे, पहाटे जमिनीकडचं उजाडणं तिथून दिसेल. सूर्यास्त डावीकडे, पण तो बघायला डेकवरच जायचं असतं.

जहाज सुटायच्या वेळी खोलीत सामान लावत बसू नकोस. वर ये आणि उजव्या कठड्याला उभी राहा. आधी दोनापावलाजवळचं काबोचं टोक येईल, मग मांडवीचं तोंड उघडेल आणि पलीकडे आग्वाद. किल्ला १६१२ चा. त्यावरचं जुनं दीपगृह १८६४ सालचं, ते १९७६ मध्ये बंद झालं. आता लुकलुकतो तो शेजारच्या नव्या दीपगृहाचा दिवा. त्याच सुमाराला खाली पाण्याकडेही बघ. बंदरातून जहाज बाहेर काढून देणारा पायलट उतरतो. छोटी होडी चालत्या जहाजाला येऊन बिलगते, वरून दोराची शिडी सोडलेली असते. माणूस पाठमोरा एकेक पायरी उतरतो, शेवटच्या पायरीवर थांबतो, होडी लाटेबरोबर वर येईपर्यंत वाट बघतो आणि मग पाय टाकतो. लोक तेव्हा सेल्फी काढत असतात. तू ते बघ.

आणि सुरक्षेची कवायत चुकवू नकोस. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा जगभर एकच आहे. आपली जमायची जागा कुठली, तिथे केबिनमधून कुठल्या जिन्याने जायचं, हे लिफ्टशिवाय एकदा चालून बघ. बरोबर कुणी नसलं की हे आपल्यालाच ठाऊक असावं लागतं.

म्हापसा, शिक्षिका

आधी पैशाचं बोलते, कारण ते कुणी नीट सांगत नाही. क्रूझचे दर दोघांच्या हिशेबाने असतात. एकटीने केबिन घेतली की बहुतेक वेळा जवळपास दोघांचं भाडं पडतं. शिवाय बंदराचं शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क. जाहिरातीतला आकडा बघून बजेट ठरवू नका. सगळं धरून शेवटचा आकडा मागा. मी शनिवार-रविवार टाळला आणि आतली, बिनखिडकीची केबिन घेतली. झोपण्यापुरतीच खोली लागते, बाकी वेळ मी बाहेरच होते. खिडकी हवीच असेल तर वास्कोच्या काकांचं ऐका.

आता जेवणाचं. पहिल्या रात्री दारातल्या वेटरने विचारलं, "किती जण?" मी "एक" म्हटलं. तो क्षण मी घरी बसून मनात पुष्कळ घोळवला होता, पण तिथे काहीच झालं नाही. त्याने एकच ताट मांडलं, समोरचा ग्लास उचलून नेला आणि विचारलं, "शाकाहारी की मांसाहारी?" बस्स. मी सावकाश जेवले. आमच्याकडे मी कायम वाढणारी. पोळी गरम असताना खायची ती बाकीच्यांनी. तिथे माझ्यासमोर सूप आलं आणि वाफ जायच्या आत मी ते प्यायले. बाहेर काळोखात मच्छीमार ट्रॉलरचे दिवे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नाशिकच्या एक बाई शेजारी आल्या, त्याही एकट्याच. गप्पा झाल्या, फोन नंबर घेतले, आणि मग आम्ही दोघी आपापल्या वाटेने गेलो. ते मला फार आवडलं. सोबत हवी तेवढीच.

कपड्यांचं म्हणाल तर साड्या नेल्या होत्या, नेसले पंजाबी ड्रेस. डेकवर वारा इतका असतो की पदर सांभाळण्यातच वेळ जातो. एक पातळ शाल मात्र लागतेच, जेवणाच्या हॉलमधला एसी कडक असतो.

पणजी, वय ७६

मी कॉलेजला मुंबईला जायचो तो कोकण बोटीने. पणजीच्या धक्क्यावरून सकाळी निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा धक्का. डेकवर सतरंजी पसरली की ती आपली जागा. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करत बोट जायची. बऱ्याच ठिकाणी ती बाहेर पाण्यातच उभी राही आणि किनाऱ्याकडून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येत. आंब्याच्या पेट्या, वळकट्या, कोंबड्यांच्या डालग्या वर चढायच्या, आणि म्हाताऱ्या बायकांना खलाशी दोन्ही दंडांना धरून अल्लाद पडावात उतरवायचे. पावसाळ्यात सगळं बंद. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती सेवा थांबली. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान, म्हणजे जुळ्या सांगाड्याची बोट, आली आणि गेली. २०१८ साली 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली, २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' फिरू लागलं. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं. त्यातूनच मी अलीकडे गेलो, एकटा.

मुलीला काळजी होती. तिच्यासाठी मी डॉक्टरांकडून तब्येतीचा कागद घेतला, प्रवासविमा काढला, रोजच्या गोळ्यांची यादी इंग्रजीत टाइप करून एक प्रत पाकिटात आणि एक बॅगेत ठेवली. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याला आपला इतिहास ठाऊक नसतो. माझ्या वयाच्या प्रत्येकाने एवढं करावंच.

रात्री मी डेकवर खुर्ची घेऊन बसलो होतो. पूर्वी जिथे जिथे बोट थांबायची ती बंदरं आता न थांबता मागे पडत होती. दिवे दिसले की मी वेळेवरून अंदाज बांधायचो, हे वेंगुर्ला असेल, हे मालवण असेल. शेजारी एक तरुण उभा होता, त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळतं?" मग त्याला सिंधुदुर्ग सांगितला, विजयदुर्ग सांगितला, आंग्र्यांचं आरमार सांगितलं. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात प्रवाळाचं मोठं पठार आहे, त्याला आंग्रिया बँक म्हणतात हे त्याला माहीतच नव्हतं. एकटा गेलो होतो म्हणून तो माझ्याशी बोलला. कुटुंबाच्या गराड्यात बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी असं काही विचारत नाही.

मडगाव, वय २७

मी अजून गेले नाही, जानेवारीत जाणार आहे. पण तयारी कशी केली ते सांगते. एकटीने पाण्यावर राहायला आवडेल का हेच मला माहीत नव्हतं, आणि एवढे पैसे भरून ते शोधणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका रविवारी रायबंदरला गेले, फेरीबोटीने चोडणला. माणशी भाडं पडलंच नाही. पलीकडे उतरून सलीम अली अभयारण्याच्या वाटेवर थोडी चालले, परत आले, पुन्हा गेले. मग संध्याकाळी सांता मोनिका जेटीवरून मांडवीतली तासाभराची बोट. तिथे सगळे ग्रुप, नाच, गाणी, आणि मी मागच्या बाकावर एकटी. पहिली दहा मिनिटं मोबाइल काढून बसले. मग तो पर्समध्ये टाकला आणि नदी समुद्राला मिळते तिकडे बघत राहिले. परतताना कळलं की मला हे जमतं, आणि हवंही आहे. घरी आल्या आल्या बुकिंग केलं.

तारीख मुद्दाम अमावास्येच्या जवळची घेतली आहे. पौर्णिमेला पाणी सुंदर दिसतं, पण मला तारे बघायचेत. डेकवरच्या दिव्यांपासून दूर, आडोशाचा अंधारा कोपरा शोधायचा आहे.

बॅगेत चुंबकाचे हुक टाकलेत, कारण केबिनच्या भिंती पोलादी असतात आणि टोपी, ओला टॉवेल, ओळखपत्राची दोरी अडकवायला जागा कमी असते. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात. बाहेरची दारूही चालत नाही. (गोव्यातून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, पाहुण्यांसाठी फेणी नेणारे आपल्यात पुष्कळ.) फोन फ्लाइट मोडवर टाका. किनाऱ्यापासून दूर गेलं की रेंज जाते आणि जहाजाचं नेटवर्क पकडलं गेलं तर रोमिंगचं बिल येतं.

आणि मोठी बॅग बंदरावर जमा करून घेतात, ती केबिनच्या दाराशी यायला काही तास लागू शकतात असं सगळ्यांनी सांगितलंय. त्यामुळे औषधं, चार्जर, एक जोडी कपडे, मूळ ओळखपत्र हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

पेडणे, गृहिणी

बोट लागण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला लागते, तरी मी जाऊन आले. आमच्या डॉक्टरांनी अ‍ॅव्होमिन दिली होती, जहाज सुटायच्या आधीच घ्यायला सांगितली. मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. त्या गोळीने झोप येते. बीपी, काचबिंदू किंवा दुसऱ्या काही गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने घेऊ नये. बाकी आलेपाकाच्या वड्या घरच्या. पोट रिकामं ठेवायचं नाही, तळलेलं खायचं नाही, आणि डोकं गरगरलं की खोलीत जाऊन पडण्यापेक्षा उघड्यावर येऊन क्षितिजाच्या रेषेकडे बघायचं. मला त्याने सर्वात जास्त बरं वाटलं.

ताई, मार्गशीर्षात जाताय तर गुरुवार धरता का? धरत असाल तर तारीख बघा. जहाजावर शाकाहारी जेवण छान मिळतं, दही-फळंही असतात, पण उपवासाचा वरी-साबुदाणा मिळेलच असं नाही. राजगिऱ्याचे लाडू बरोबर घ्यायचे असतील तर बाहेरचं खाणं नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या.

फोंडा, बँकेत नोकरी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत! वाचता वाचता मी वहीत टिपत होते. आज फोन करून केबिन बदलून घेतली, मध्यावरची, खालची, उजव्या बाजूची. थोडे पैसे वाढले, पण पहाट खिडकीतून बघायची असं आता मनाने घेतलं आहे. गुरुवार मध्ये येत नाही. साड्या कपाटात परत गेल्या, एक शाल बॅगेत आली. पणजीच्या काकांसारखी गोळ्यांची यादी टाइप केली. सासूबाईंनी ती बघून स्वतःच्या औषधांचीही करून मागितली.

पुस्तक एकच नेणार आहे आणि तेही वाचलंच पाहिजे असं नाही. लेकाने गाणी भरून दिली. यजमानांनी दुर्बीण आणली, पक्षी बघायची, चांगली जड. परतीला रात्रीच्या कोकणकन्याचं तिकीट काढलं आहे, करमळीपर्यंत. जहाज सकाळी लागेल, तोवरचा दिवस दादरला भावाकडे. जहाज लागतं त्या बॅलार्ड पिअरहून सीएसएमटी जवळ आहे, त्यामुळे सामान घेऊन धावपळ होणार नाही.

वास्कोचे काका, एक विचारायचं राहिलं. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांवर दीपगृह आहे असं ऐकलं. दुर्बिणीतून दिसेल का?

वास्को, निवृत्त तारवटी

वेंगुर्ला रॉक्स. निवतीच्या समोर. जहाज फार बाहेरून गेलं नाही आणि हवा स्वच्छ असली तर दिवा नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. दुर्बीण रात्री हातात स्थिर राहत नाही, कठड्यावर कोपर टेक. प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकायचा ठेका वेगळा असतो, त्यावरूनच आम्ही ते ओळखतो. दोन झोतांमध्ये किती सेकंद जातात ते मोज आणि वहीत लिहून आण. आल्यावर ताडून बघू. सुटण्याची वेळ कळली की मला सांग, साधारण कधी वर यायचं त्याचा हिशेब करून देतो.