फाटक्या प्रतीतली ‘बनगरवाडी’: कादंबरी नेमकी कुठे थांबावी?

जुनी वही

आठवीच्या सुट्टीत तालुक्याच्या वाचनालयातून ‘बनगरवाडी’ घरी आणली होती. पुठ्ठा बांधणी, कोपरे कुरतडलेले, मागच्या बाजूला तारखांच्या शिक्क्यांचा कागद. त्या प्रतीत शेवटची पानं नव्हती. ती नाहीत हे मला कळलंसुद्धा नाही. शिल्लक पानाच्या तळाशी वाक्य पुरं झालं होतं आणि गोष्टही पुरी झाल्यासारखी वाटत होती. वाडीने श्रमदानाने तालीम बांधली, संस्थानचे राजेसाहेब स्वतः येऊन गेले, सगळी वाडी हरखून गेली. मी पुस्तक मिटलं आणि परत केलं. माझ्यासाठी ‘बनगरवाडी’ तिथे संपली.

पुढे बारा वर्षांनी नोकरीच्या गावी धड प्रत विकत घेतली. तालमीच्या पुढे पानं होती! पाऊस येत नाही, चारा संपतो, मेंढरं मरतात, माणसं एकेक करून वाडी सोडतात. शाळेत पोरं उरत नाहीत आणि शेवटी मास्तरही निघतो. रात्री दीड वाजता मी गादीवर उठून बसले. माझ्याकडून कुणीतरी काही काढून घेतल्यासारखा राग आला होता.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला जातो. पुस्तक जेमतेम दीडशे पानांचं आहे.

राग दोन दिवस टिकला. मग मी पहिल्या पानापासून परत वाचायला घेतली आणि तालमीची पानं पार वेगळी लागली. लोकांनी वाहून आणलेला एकेक दगड जड झाला होता, कारण ही इमारत रिकाम्या वाडीत उभी राहणार हे आता मला ठाऊक होतं. मागची पानं जड करतो तो चांगला शेवट, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. शेवट गोड की कडू, हिशेब मिटले की राहिले, हे सगळं त्याच्या नंतरचं. पटतंय का? की फाटकी प्रतच बरी होती?

मुक्काम पोस्ट

ताई, मी फाटक्या प्रतीच्या बाजूने.

दुःखाला माझा विरोध नाही. कादंबरीचा शेवट तिच्यातल्या माणसांच्या करणीतून यावा, एवढीच माझी अट आहे. तालीम माणसांनी बांधली. तिच्यात मास्तरचा हट्ट आहे, कारभाऱ्याचा शब्द आहे, ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं त्यांनी एकत्र उचललेली माती आहे. दुष्काळ कुणी केला? कुणीच नाही. पाऊस पडला नाही आणि पुस्तक संपलं. याला मी वरून टाकलेला पडदा म्हणतो. आपल्या ग्रामीण कादंबऱ्यांना ही सवयच लागलेली आहे. गाव ओस पडलं की कादंबरी खरी वाटते, गाव उभं राहिलं की प्रचारकी वाटते. उभं राहिलेलं गाव खरं का नसावं?

आटपाडीकर

मुक्काम पोस्ट, तुम्ही पावसाच्या मुलखातले दिसता. आमच्याकडं दुष्काळ वरून पडत नाही, तो घरातच असतो. चार वर्षं निजतो, पाचव्या वर्षी उठून बसतो. माडगूळ आमच्या तालुक्यातलंच गाव. आजी सांगायची, मृग कोरडा गेला की बायका आधी दाण्याच्या कणगीत हात घालून बघायच्या, तळ किती वर आलाय ते. मग पुरुषमाणसं कुणाचा वाडा कुठल्या दिशेला हलवायचा ते बोलायला बसायची. वाडा म्हणजे मेंढरांचा वाडा, संसारासकट. म्हणून दुष्काळ बाहेरून आला हे मला मान्य नाही. माणदेशावरच्या कादंबरीत तो आला नसता तर लेखकाने लपवला असं मी म्हणालो असतो.

पण जुनी वही, तुमचंही मला पुरतं पटत नाही. वाडी रिकामी झाली म्हणजे संपली, हे मास्तरला वाटतं, कारण तो पगारी माणूस. धनगर ‘जगायला’ जातो. शब्दच बघा, जगायला! मरायला नव्हे. पाऊस झाला की वाडे परत येतात, शेणानं जमीन सारवली जाते, चूल पेटते. माझे आजोबा असे तीनदा गेले आणि तीनदा आले. पुस्तक अर्ध्या फेऱ्यावर थांबलंय. माझ्या घरच्यांच्या लेखी तो शेवट नाही, मधली सुट्टी आहे.

(अवांतर: आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा आहेत. तरी म्हाताऱ्या माणसांचं आभाळाकडं बघणं काही सुटलेलं नाही.)

फळाखडू

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आदल्या दिवशी वर्गात तेवीस मुलं, दुसऱ्या दिवशी नऊ. मागं आजी-आजोबा असतील तर एखादं पोर राहतं, नाहीतर ट्रॅक्टरवर भांड्यांच्या बोचक्यांबरोबर तेही जातं. मी हजेरी मांडते तेव्हा एकाखाली एक ‘गै’, ‘गै’, ‘गै’ असा कॉलम उतरत जातो.

आटपाडीकर म्हणतात तसं माणसं परत येतात, हे खरंच आहे. आमचीही उन्हाळ्यात येतात. पण वर्ग परत येत नाही. जो मुलगा जाताना बेरजेत हातचा घ्यायला नुकता शिकला होता, तो परत येतो तेव्हा हातचा विसरलेला असतो आणि कोयता धरायला शिकलेला असतो. मागच्या वर्षी एका मुलीनं जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. ‘तिकडं भिजंल’ म्हणाली. आली तेव्हा तिला त्या वहीतलं स्वतःचं अक्षर लावता येईना.

म्हणून ‘बनगरवाडी’चा शेवट मला पूर्ण वाटतो. ती कादंबरी वाडीची नाही, शाळेची आहे. वाडी पुन्हा भरेल. मास्तरनं घडवत आणलेलं जे होतं, ते पुन्हा पहिल्यापासून.

मुक्काम पोस्ट

फळाखडू, वहीचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या कामाला नमस्कार.

तरी वादापुरतं सांगतो. तुम्ही सांगितलं ते कादंबरीच्या शेवटापेक्षा सरस आहे, कारण त्यात एक मुलगी आहे, तिची वही आहे, तिनं काहीतरी केलं आहे. ‘बनगरवाडी’च्या शेवटात वाडीच्या वाडी एका दमात हलते. मला तिथे माणूस कमी आणि हवामान जास्त दिसतं.

जुनी वही

मुक्काम पोस्ट, एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटते आहे. शाळेचं भांडण पहिल्यापासून मेंढरांशीच आहे. मास्तर पोरं मागतो, आईबाप म्हणतात पोरं शाळेत बसली तर मेंढरामागं कोण जाणार. सुरुवातीची कितीतरी पानं याच ओढाताणीची आहेत. मधल्या काळात शाळा जिंकते आहे असं वाटायला लागतं, शेवटी मेंढरं जिंकतात. पोरं मेंढरांबरोबरच जातात! म्हणजे दुष्काळाने नवं काही आणलं नाही, सुरुवातीला जे झाकलं होतं ते उघडं केलं. पडदा वरून पडला नाही, तो पहिल्या पानापासून तिथे टांगलेला होता.

आणि मास्तर वाडीत येतो तो चालत, एकटा. जातोही तसाच. हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं.

थेऊरची वाट

विषय थोडा बाजूला नेते. ‘कुठे थांबावं’ हा प्रश्न माझ्या मनात ‘स्वामी’मुळे अडकलेला आहे. रणजित देसाईंची 1962 ची कादंबरी, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. माधवराव पेशवे 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेले, वय अवघं सत्तावीस, आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरी तिथे संपते. माझं माहेर तिकडचंच. चिंतामणीच्या दर्शनाला गेलं की नदीकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनाला हात जोडायचे, ही आमच्या घरातली रीत. शेवटची पानं वाचून आई प्रत्येक वेळी रडायची. मीही रडायचे.

मुलगी झाल्यावर परत वाचली तेव्हा अंगावर काटा आला, पण आधीसारखा नाही. जिवंत बाई चितेवर चढते आहे आणि सगळी भाषा तिच्याभोवती फुलं उधळते आहे. मला समाधान मिळत होतं आणि त्या समाधानाचीच भीती वाटत होती. शेवट मनाला भिडला म्हणून तो चांगला ठरतो का? या एका पुस्तकापुरतं माझं उत्तर आता ‘नाही’ असं आहे.

मुक्काम पोस्ट

इथे मी लेखकाच्या बाजूने. ते घडलेलं आहे, इतिहास त्याने बदलायचा का? आणि अठराव्या शतकातल्या माणसांनी एकविसाव्या शतकासारखा विचार करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्या बाईच्या मनातला भाव त्यांनी त्या काळाच्या चौकटीत दाखवला.

थेऊरची वाट

इतिहास बदला असं मी म्हणतच नाही. घडलेलं तेच राहू दे. पण कादंबरी कोणत्या वाक्यावर थांबते, हे इतिहास ठरवत नाही, लेखक ठरवतो. माधवरावांच्या शेवटच्या श्वासावर थांबता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात झाडलोट करणाऱ्या एखाद्या कुळंबिणीवर थांबता आलं असतं. तुम्हीच वर म्हणालात, शेवट माणसांच्या करणीतून यावा. इथे तो रमाबाईंच्या करणीतून येतो आहे, म्हणजे तुमच्या कसोटीला पुरा उतरतो. तरीही मला तो सोसत नाही. तुमची कसोटी अपुरी आहे असं मला वाटतं.

मुक्काम पोस्ट

हा मुद्दा मला लागला. विचार करतो.

पिंपळपार

शेवट आधीच माहीत असला की काम अवघड होतं, यावर कुणी बोललं नाही. कर्ण मरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत. ‘मृत्युंजय’ (1967) तरी हातून सुटत नाही, याचं एक कारण मला निवेदकांच्या योजनेत दिसतं. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण असे आळीपाळीने बोलतात. शेवट मात्र श्रीकृष्णाच्या तोंडी आहे. कर्ण स्वतःचं मरण सांगू शकत नाही, आणि ज्याच्या सांगण्यावरून बाण सुटला तोच ते सांगतो. ‘पुढे काय होणार’ हे कुतूहल संपलेलं असताना ‘हे मला कोण सांगतंय’ या प्रश्नावर शेवट उभा केला. शिवाजी सावंतांची भाषा कुणाला अलंकारिक वाटो, ही मांडणी पक्क्या हिशेबाची आहे.

नववी ब

‘शाळा’! मिलिंद बोकिलांची कादंबरी. नववीतल्या जोशीला आवडणारी शिरोडकर गाव सोडून जाते आणि त्याला तिचा धड निरोपही घेता येत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच वडिलांच्या बदलीमुळे गेली. जूनमध्ये बाकावर दुसरंच कुणीतरी होतं. त्या वयात निरोप नसतोच, कारण कुणी विचारत नाही. लेखकाने शेवटची एक भेट घातली असती तर मी ते पुस्तक कुणाला वाचायला दिलं नसतं.

पिंपळपार

याच्या उलट टोक म्हणजे शरदबाबूंचा ‘देवदास’. तिथे शेवटी लेखक स्वतः पुढे येतो आणि अशा अभाग्यासाठी दोन आसवं गाळा म्हणून वाचकाला विनवतो. मला ते आवडतं. लेखकाला राहवलं नाही, त्याने लपवलं नाही.

आटपाडीकर

रविवारी गावी गेलो होतो. वडील ऐंशीच्या पुढं आहेत, दिसायला कमी झालंय. त्यांना ‘बनगरवाडी’ची शेवटची पानं मोठ्यानं वाचून दाखवली. मला खात्री होती की ते माझ्यासारखंच म्हणतील, माणसं परत येतात, यात काय संपलं. उंबऱ्यात बसून ऐकत होते. मध्ये एकदा कुठल्या तरी सालाचं नाव काढलं, त्यांच्या लहानपणीच्या दुष्काळाचं. मग गप्प.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मास्तर परत आला का रं?”

म्हटलं, पुस्तकात नाही.

“मग मेंढरं माघारी आल्यावर शाळा कुणी उघडली?”

आमच्या वाडीवरची शाळा त्यांच्या लहानपणी अशीच दोन वर्षं बंद होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते दुसरीत होते. वाडे परत आले तेव्हा शाळा भरायची त्या चावडीला कुलूप होतं, नवीन मास्तर येईपर्यंत ते मेंढरांमागं लागले होते, मग शाळेत गेलेच नाहीत. वडिलांना सही येते, वाचता येत नाही. त्याचं कारण मी कधी विचारलं नव्हतं.

परत येण्याबद्दलचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण फळाखडू मॅडम, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. त्या मुलीच्या वहीचं पुढं काय झालं ते त्यांना ऐकायचं आहे.

फळाखडू

त्यांना सांगा, वही तिच्याकडेच आहे. यंदा आजीजवळ राहिली, गेली नाही. तिसरीत आहे. काल पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यावर अडली.